हळदीपुरतं अंगण

"मॅडम, आदी जेसीबी लावून जागा सपाट करून घेतो, मंग तुमी निवांत प्लान काडा."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. कर्जतच्या बाजारात ऐकलं, खोपोलीच्या स्टँडवर ऐकलं, साजगावला कारखान्याच्या गेटसमोर चहा पिताना ऐकलं. शेतकरी म्हणाले, मास्तर म्हणाले, एक सरपंच म्हणाले आणि एकदा तर भूगोल शिकवणारे प्राध्यापकही म्हणाले. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर भाव असा, की बाईंचं काम आपण किती हलकं करून ठेवतोय! आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता ऑफिसची पाटी उतरवून वर्ष झालं, रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेते, तरी हे वाक्य लिहिताना पेन कागदात रुतलं.

संपादकांची सूचना होती, "इतकी घरं उभी केलीत, चार गोड आठवणी लिहा." गोड आठवणी आहेत. वास्तुशांतीची जेवणं आहेत, ओटीतले नारळ आहेत, माझ्या प्लानमध्ये जन्मलेली आणि आता स्वतःच्या घराचा प्लान मागायला येणारी पोरं आहेत. पण फराळाच्या ताटात सगळंच गोड असलं तर दोन घासांत माणूस कंटाळतो. तेव्हा माझ्याकडून हे तिखट घ्या.

मी आर्किटेक्ट नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, घरांचे नकाशे काढून ते मंजूर करून घेणारी आणि बांधकामावर उभी राहणारी बाई. कापडाच्या दुकानाच्या माडीवर ऑफिस होतं. गावोगावी मला 'प्लानवाल्या मॅडम' म्हणत. पहिली काही वर्षं लोक जिना चढून वर यायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "साहेब कधी येतील?" मी म्हणायची, "साहेब नाहीत. बसायचं तर बसा." बहुतेक बसायचे.

सपाट जागेवरचं घर काढणं सोपं असतं. वरून बघायचं, छप्पर उचलून आत डोकावल्यासारखं, की खोल्या दिसतात. उतारावर मात्र आधी बाजूनं बघावं लागतं. डोंगर कुठून कसा उतरतो, घर त्यावर कुठं टेकणार, पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार, हे त्या बाजूच्या चित्रात दिसतं. त्याला आम्ही सेक्शन म्हणतो. गिऱ्हाईकाला मी तो दाखवला की हमखास प्रश्न यायचा, "ते समदं खरं मॅडम, पन ह्याच्यात बेडरूम कुटं हाय?"

आता जेसीबी काय करतो ते सांगते. तो उताराचा वरचा भाग खरवडतो आणि निघालेली माती खालच्या अंगाला ढकलतो. दुपारपर्यंत जागा सपाट. घरचे लोक खूष, पेढे वाटतात. पण त्या सपाटीचा मागचा अर्धा भाग असतो पिढ्यानपिढ्या बसलेला घट्ट मुरूम, आणि पुढचा अर्धा म्हणजे आज सकाळी लोटलेली भुसभुशीत माती. हा भराव कित्येक पावसाळे बसत राहतो, खचत राहतो. आणि मागे काय उरतं? कापलेला उघडा कडा. डोंगराचं पाणी पूर्वी मातीतून, मुळांमधून आपल्या वेगानं झिरपत खाली जायचं. वाट कापली म्हणून ते यायचं थांबत नाही. ते तिथंच येतं, तुमच्या स्वयंपाकघराच्या मागं.

हे सगळं समजावून सांगितलं की लोक मान डोलावतात. मग घरी जाऊन जेसीबीवाल्याला फोन करतात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

बरं, हे फक्त गावातलेच करतात असं नाही. ठाण्याचे एक गृहस्थ कर्जतजवळ डोंगराच्या कुशीत सेकंड होम बांधायला निघाले होते. मोबाईलवर प्लान घेऊन आले. "तयारच आहे, तुम्ही फक्त मराठीत करून मंजूर करून घ्या." मी बघितलं तर परदेशातल्या कुठल्या तरी बर्फाळ गावातलं घर. छप्पर बर्फ घसरावा म्हणून उभंच्या उभं, आणि तळघरात घर गरम ठेवायची भट्टी! मी म्हटलं, "साहेब, ही भट्टी ठेवूच आपण. मे महिन्यात तुम्ही स्वतः तिच्यात बसून दाखवा, मग मी सही करते." ते उठून गेले. नंतर दुसऱ्या कुणीतरी त्यांना डोंगर कापून ते घर बांधून दिलं. भट्टीच्या जागी आता म्हणे वाईन ठेवतात.

पण शहरातल्या माणसाचा राग मला फार वेळ पुरत नाही. त्याचं दुसरं घर पडलं तर पहिलं असतंच. राग येतो तो आपल्या माणसांचा.

आपल्याकडे लोक उतारावर घरं बांधायला गेले कशाला? रस्त्याकडेची सपाट भातखाचरं विकली म्हणून. बंगलेवाल्यांना विकली, प्लॉटिंगवाल्यांना विकली. राहिली ती वरकस, म्हणजे डोंगराच्या अंगावरची, नाचणी-वरी आणि गवतापुरती जमीन. गावठाणात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून घर वरकसीत. सपाट जमीन होती ती विकून टाकायची, आणि मग डोंगर सपाट करत सुटायचं! यात शहाणा कोण आणि वेडा कोण, मला आजतागायत कळलेलं नाही. ज्यांनी विकली त्यांचा राग येतो, ज्यांनी घेतली त्यांचाही येतो, आणि मोजणी करून हसत हसत चहा पिऊन जाणाऱ्यांचाही येतो.

हिराबाईंच्या घराची गोष्ट याच मातीतली.

चौकच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. नाव लिहीत नाही, त्या रांगेतल्या सगळ्या गावांची गत आता सारखीच आहे. हिराबाईंना दोन मुलगे. थोरला जनार्दन साजगावच्या कारखान्यात फिटर. धाकट्या सुरेशचं चौकला हायवेवर गॅरेज. दोघांची लग्नं झालेली, मुलं शिकणारी, आणि गावठाणातलं घर इतकं लहान की जावाजावा एकमेकींना आडव्या झाल्याशिवाय चूल पेटत नव्हती. वरकसीत नवं घर बांधायचं ठरलं. मी जागा बघायला गेले तेव्हा हिराबाई माझ्याबरोबर उतार चढून आल्या. दम लागला तरी थांबल्या नाहीत. वर पोचल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

"ताई, खोल्या किती पन काडा. दार येकच पायजे. माज्या जित्तेपनी वाटनी नाय."

आमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं वाक्य आहे. दोन दारं म्हणजे दोन घरं, दोन घरं म्हणजे दोन रेशनकार्डं, आणि मग आई कुणाकडं, हा प्रश्न. हिराबाईंनी तो गावात चार ठिकाणी बघितला होता. त्यांना घर नको होतं, त्यांना एक दार हवं होतं. त्या दारासाठी मी ते काम घेतलं.

पातळी धरायची पाण्याची नळी लावून मी उतार मोजला आणि पहिला प्लान केला तो पायऱ्यापायऱ्यांचा. डोंगर जसा उतरतो तसं घर उतरणार. वरच्या टप्प्यावर जनार्दन, मधल्या टप्प्यावर ओटी आणि आईची खोली, खालच्यावर सुरेश. कुठंही कमरेपेक्षा जास्त खोदाई नाही. आपल्याकडची उतारावरची जुनी घरं अशीच आहेत, गोठा खाली, पडवी मध्ये, माजघर वर. त्यांना कुणी आर्किटेक्ट लागला नव्हता.

सुरेशनं प्लानवर वरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हनजे दादाच्या मोरीचं पानी माज्या डोक्यावरनं जानार."

"पाईपमधून जाणार," मी म्हटलं.

"पाईप माज्या डोक्यावरनंच जानार ना?"

बरं, मी उलटं केलं. सुरेश वर, जनार्दन खाली. तर जनार्दनाची बायको सुनंदा, जी एरवी माझ्यासमोर तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "थोरल्यानं खाली ऱ्हायाचं? गावात काय सांगू मी?"

माझा संताप झाला, पण खरं सांगते, मनातून मजाही वाटली. उतारावर घर काढायचं म्हणजे नुसता डोंगराचा उतार बघून चालत नाही. भावाभावांतला, जावाजावांतलाही बघावा लागतो. मी तिसरा प्लान केला. डोंगराला आडवं, लांबच लांब, एका खोलीच्या रुंदीचं घर. उताराच्या कडेकडेनं एकाच पातळीवर सगळ्या खोल्या ओळीत. एका टोकाला जनार्दन, दुसऱ्या टोकाला सुरेश, मधोमध आई आणि ओटी. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. घर अरुंद, म्हणून डोंगर कापायचा तोही जेमतेम. हा प्लान मला स्वतःला फार आवडला होता. आजही आवडतो.

तर दार दक्षिणेला आलं! डोंगर उत्तरेला, उतार दक्षिणेला, दार साहजिकच उताराकडे. खोपोलीच्या कुणा वास्तुतज्ज्ञानं जनार्दनाला फोनवर सांगितलं, दक्षिणेचं दार म्हणजे सर्वनाश. जागा न बघता सांगितलं. मी त्यावरही भांडले नाही. ओटी पुढं काढली आणि तिच्या बाजूच्या भिंतीत, पूर्वेला तोंड करून दार बसवलं. एकच दार. हिराबाई खूष, वास्तुवाला खूष, भाऊ खूष.

स्वयंपाकघर अर्थातच एक. पण या कामात इतकी वर्षं काढल्यावर मी बायकांना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारतेच, "चूल एक का दोन?" सासूसमोर दोघी म्हणाल्या एक. मागच्या दारी दोघींनी मला एकेकटं गाठून सांगितलं, "पुडं-मागं लागंल तर बगा." म्हणून सुरेशच्या टोकाला मी एक कोठी ठेवली. तिला खिडकी मोठी, कोपऱ्यात पाण्याचा पाईप आणि भिंतीला ओट्याएवढी जागा. उद्या भांडण झालंच तर कोठीची चूल होते, दार मात्र एकच राहतं. भांडणासाठी जागा आधीच सोडून ठेवणं, यालाच मी प्लानिंग म्हणते.

शेवटी मी दोघा भावांना विचारलं, "अंगण किती मोठं हवं?"

जनार्दन म्हणाला, "ठेवा थोडं."

हे 'थोडं' माझ्या कानात अजून वाजतं.

प्लान मंजूर झाला. दिवाळीनंतर काम काढायचं ठरलं. दिवाळी झाली, मी पायाची आखणी करायला गेले आणि रस्त्यावरूनच मला दिसलं, की डोंगराला खिंडार पडलंय. लाल, ओलं, माणसाच्या तिप्पट उंचीचं. त्याच्या पुढं क्रिकेट खेळता येईल एवढं मैदान. सुरेशच्या मेहुण्याचा जेसीबी शेजारच्या रिसॉर्टवर आला होता. जाता जाता पाव्हण्यानं उपकार केले.

मी गाडीतून उतरले ती ओरडतच. काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. दोघे भाऊ खाली मान घालून उभे. माझा आवाज बसल्यावर जनार्दन हळूच म्हणाला, "मॅडम, प्राचीचं लगीन हाय दीड-दोन वरसांत."

प्राची म्हणजे त्याची मुलगी.

"मग?"

"हळद हाय ना. पाच-सातशे मान्सं येतील. मांडव कुटं घालाचा? तुमच्या प्लानमदी अंगन लय बारीक."

"हॉल घ्या!"

"हळद हॉलमदी नाय लागत, मॅडम," सुरेश म्हणाला. मला काहीच कसं कळत नाही, असा त्याचा स्वर. "लगीन हॉलमदी. हळद आपल्या दारातच लागाला पायजे."

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव, सगळी सोयरीक, बेंजो, नाच, पंगती. एकेकाळी धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणणाऱ्या बाईला नुसती ओटी पुरायची, आता डीजेला मैदान लागतं. पण मैदान तेव्हाही होतंच की! भात कापलेलं खाचर उन्हाळ्यात मोकळं पडायचं, मांडव तिथं पडायचा. आपल्या दाराला लागून, आपल्याच जमिनीत. ते खाचर यांनी विकलं. तिथं आता कुणाच्या तरी बंगल्याचं लॉन आहे आणि गेटवर वॉचमन आहे. म्हणून हळदीसाठी डोंगर कापला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

"मला सांगायचंत," मी म्हटलं. "मी अंगण काढून दिलं असतं. दोन टप्प्यांत मांडव घातला असता, खाली पंगत, वर नाच. विचारलं होतं ना मी?"

"तुमी येवड्या मेहनतीनं प्लान काडला," जनार्दन म्हणाला. "तुमाला वाईट वाटंल म्हनून नाय बोल्लो."

मला वाईट वाटू नये म्हणून यांनी डोंगर फोडला! आपल्या माणसांची ही जी भीड आहे ना, तिनं जितकी घरं बिघडवली तितकी वाळूनं आणि सिमेंटनंही बिघडवली नसतील. तोंडावर हो म्हणायचं आणि पाठ फिरली की जेसीबी बोलवायचा. त्यापेक्षा मला शिव्या घातल्या असत्या तर मी आनंदानं ऐकल्या असत्या.

माझा लांबट प्लान तिथं आता बसणारच नव्हता. ज्या उतारावर तो काढला होता तो उतारच नव्हता. पुढचा भराव अंगणासाठी मोकळा सोडायचा म्हणून त्यांनी घर मागं सरकवायचं ठरवलं. पाया चांगल्या मुरमावर आला हे खरं, पण घराची पाठ कड्याला जाऊन भिडली. अन् पाठीला कोण? स्वयंपाकघर आणि आईची खोली, कारण दर्शनी बाजूला हॉल आणि गॅलरी पाहिजे. मी सही द्यायला नकार दिला. सही काय, ती मिळते. जागेवर न येता, ऑफिसात बसून सही देणारे आमच्यात कमी नाहीत. त्यांनाही देव दिवाळी दाखवतो.

मी तिथून पाय काढणारच होते. पण आठ दिवसांनी सुरेश जिना चढून वर आला. "घरावर सही नका देऊ. पन मागच्या भिंतीचं तरी सांगा. आई तितं झोपनार हाय."

तेवढं मी केलं. कडा अडवायची भिंत काढून दिली आणि बांधताना स्वतः उभी राहिले. अशी भिंत मातीनं पडत नाही, पाण्यानं पडते. मागं साचलेलं पाणी भिंतीला ढकलतं. म्हणून भिंतीमागं दगडगोटे भरायचे आणि भिंतीत जागोजागी आरपार पाईप सोडायचे, म्हणजे पाणी ठिबकत बाहेर येतं. सुरेशला हे मी सांगितल्याबरोबर समजलं. गॅरेजवाला माणूस. म्हणाला, "म्हनजे प्रेशर भायेर काडाचा. बुजवला तर फुटंल." मी म्हटलं, "बरोब्बर. ह्या पाईपांना हात लावायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी."

घर झालं. पहिला पावसाळा भिंतीनं नीट काढला. पाईपांतून लाल पाणी वाहिलं, म्हणजे भिंत तिचं काम करत होती.

मे महिन्यात हळद लागली. मला आग्रहाचं बोलावणं, आणि मी गेलेही. का जाऊ नये? प्राची गोड पोरगी, तिनं स्वतः येऊन पाया पडून सांगितलं होतं. काय तो मांडव! मांडवाची सगळी मागची बाजू पडद्यांनी मढवलेली, त्यावर दिव्यांच्या अक्षरांत प्राचीचं नाव. बायकांनी मला ओढून नाचात घेतलं. हिराबाई हळदीनं माखलेल्या हातांनी माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "बगा ताई, समदी येका दारात." त्या दिवशी माझा राग थोडा निवला होता, हे कबूल केलंच पाहिजे. म्हटलं, असेल, माणसांना घर राहण्यापुरतं नको असतं, नाचायलाही हवं असतं.

जुलैत भिंत पडली. भर दुपारी, सलग पावसाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी. सुनंदा आणि सुरेशची बायको दुसऱ्याच्या शेतात भातलावणीला गेल्या होत्या, भाऊ कामावर, मुलं शाळेत. हिराबाई पुढं ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणून आज आहेत. मागची खोली आणि स्वयंपाकघर चिखलानं खिडकीपर्यंत भरलं.

मी पोचले तेव्हा गावातली पोरं फावड्यांनी माती ओढत होती. भिंतीचे मोठे तुकडे आडवे पडले होते. एका तुकड्यावर पिवळा रंग होता. मी वाकून बघितलं, तर पाईपचं तोंड सिमेंटनं लिंपून वरून रंग दिलेला. दुसऱ्या तुकड्यावरही तसंच. सगळेच.

"हे कुणी केलं?"

मग सुनंदा रडत म्हणाली, "हळदीच्या टायमाला. भिंतीला लाल वघळ आलेले, लय घान दिसत व्हतं. शूटिंगवाला मागं सैपाकाकडं बी येनार व्हता. रंगवाल्यानं म्हनलं, बुजवून देतो."

मी सुरेशकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. प्रेशर म्हणजे काय हे त्यानं मला सांगितलं होतं!

"हळद झाली का फोडनार व्हतो," तो म्हणाला. "ऱ्हाऊनच गेलं, मॅडम."

राहूनच गेलं. मी त्याच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही होता. पण तो कोपरापर्यंत चिखलात होता आणि आईचं अंथरूण हातात धरून उभा होता, ओल्या मातीनं जड झालेलं, आणि ते खाली ठेवायलाही त्याला जागा सापडत नव्हती. मी हात खाली घेतला. राग मात्र खाली गेला नाही, तो आजही तिथंच आहे.

पंचायतीनं नोटीस लावली. घर धोकादायक, पावसाळ्यात राहू नये. कडा पुन्हा अडवायचा तर घराला झाला होता तेवढाच खर्च. ज्यांनी न बघता सही दिली होती त्यांचा फोन लागेनासा झाला. जनार्दनानं साजगावला कारखान्याजवळ खोली भाड्यानं घेतली, सुरेशनं चौकला गॅरेजच्या मागं. दोन खोल्या, दोन दारं. लोक म्हणाले, निदान जीव वाचले. वाचले, बरोबरच आहे. पण मला विचाराल तर त्या घरात एक गोष्ट मेली, आणि तिचा पंचनामा कुणी केला नाही.

दसऱ्यानंतर हिराबाईंचा निरोप आला, "येकदा घराकडं येऊन जा." मला वाटलं, दुरुस्तीचं विचारायचं असेल. त्या एकट्याच होत्या. अंगणात गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, भराव खचून कडेला लांब भेग गेलेली. घराला कुलूप. आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमी त्यो लांबट प्लान काडलेला ना, त्यात माजी खोली कुटं येनार व्हती?"

मी अंदाज घेतला. पूर्वीचा उतार डोळ्यांसमोर आणला, ओटी कुठं आली असती ते धरलं, तिथून दोन पावलं सरकले. आणि मग मला बोट वर करावं लागलं. आमच्या डोक्याच्या बरंच वर, घराच्या पत्र्याच्याही वर. तिथं जमीन होती. ती कापून आम्ही उभ्या होतो त्या अंगणात लोटली होती.

हिराबाई मान वर करून बघत राहिल्या.

"तितं?"

"हो. तिथं."

"तितं तर आता कायच नाय."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चपला घातल्या.

"चला ताई, मला चौकला सोडा. ह्यो म्हयना माजा सुरेशकडं हाय. उशीर झाला का धाकल्या सुनंला आवडत नाय."